तालमीतलं तालमीतच मिटवायचं नसतं

‘खेळातली गोष्ट खेळातच राहू द्या. चार माणसं बसवू, समज देऊ, मिटवून टाकू. पोलिसात गेलात तर पोरीचं नाव खराब होईल आणि खेळही सुटेल.’ प्रशिक्षकानं किंवा संघटनेच्या पदाधिकाऱ्यानं एखाद्या खेळाडूशी नको तो प्रकार केला, की आपल्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. तो देणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात. त्यात गावातले जाणते असतात, निवृत्त क्रीडाशिक्षक असतात, कधी मुलीचा सख्खा मामा असतो. आपण तिच्या भल्याचंच बोलतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटतं. हा सल्ला इतका खोल रुजला आहे तो त्यामुळेच, आणि म्हणून त्याला मुद्द्याला धरून उत्तर दिलं पाहिजे.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘आपसात मिटवणं’ हा कायद्यानं दिलेल्या मार्गांपैकी एक मार्ग नाही. तो बाकीचे सगळे मार्ग बंद करतो. खेळाडू १८ वर्षांखालची असेल, तर माहिती असून गप्प बसणं हाच गुन्हा आहे. ती सज्ञान असेल, तर तक्रारीसाठी कायद्यानं दिलेले मोजके दिवस या बैठकांमध्ये निघून जातात. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच मैदानावर, दुसऱ्या मुलींसमोर शिट्टी घेऊन उभा राहतो.

आपला जालना हा खेळापासून लांब असलेला जिल्हा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात भरली आणि बुलडाण्याच्या बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला हरवून गदा उचलली. जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. बलोपासनेचा आग्रह धरणाऱ्या समर्थ रामदासांचं जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. गावोगावच्या यात्रांत आजही कुस्तीचे फड रंगतात. आणि आता या मातीत मुलीही उतरल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली आणि त्यानंतर शेतकरी घरांतले कितीतरी बाप लेकीचं नाव तालमीत घालायला तयार झाले. कुठल्याही एका तालमीकडे किंवा अकादमीकडे मी बोट दाखवत नाही. पण मंठ्याची किंवा जाफराबादची पंधरा वर्षांची मुलगी राज्यपातळीवर जायचं म्हणते, तेव्हा तिला घर सोडावं लागतं, हे आपल्याला माहीत आहे. मग तिचा खुराक, तिचं वजन, तिची प्रवेशिका, रेल्वेचं तिकीट, मुक्कामाची खोली, सगळं एका माणसाच्या हातात जातं.

या माणसाच्या हातात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि शासकीय नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण या दोन्हींचा रस्ता स्पर्धेच्या प्रमाणपत्रावरून जातो. कोरडवाहू शेती असलेल्या घरासाठी या कागदाची किंमत पदकापेक्षा मोठी असते, कारण त्याच्यावर पोलीस भरती उभी असते. स्पर्धेला कोण जाणार, संघात कोण बसणार, कागदावर सही कधी होणार, हे ठरवणाऱ्यांविरुद्ध बोलायचं म्हणजे घराच्या भाकरीविरुद्ध बोलायचं, असा हिशोब मुलीच्या डोक्यात असतो. ‘तेव्हाच का नाही बोलली?’ असं विचारणाऱ्यांनी आधी हा हिशोब स्वतः मांडून बघावा.

मिटवण्याचा सल्ला किती महाग पडतो, याचं आपल्या देशातलं एक जुनं आणि फार दुःखद उदाहरण पंचकुलाचं आहे. १२ ऑगस्ट १९९० रोजी चौदा वर्षांची एक टेनिसपटू मैत्रिणीला घेऊन हरयाणा लॉन टेनिस संघटनेच्या कार्यालयात गेली. कार्यालय संघटनेच्या अध्यक्षाच्या घरातल्या गॅरेजमध्ये होतं. अध्यक्ष होते एस. पी. एस. राठोड, त्याच राज्याचे पोलीस महानिरीक्षक. त्यांनी मैत्रिणीला प्रशिक्षकाला बोलवायला पाठवलं. मैत्रीण परत आली आणि तिनं जे पाहिलं त्याची साक्ष तिनं पुढं कित्येक वर्षं, कोर्टामागून कोर्टात दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी चौकशी करून गुन्हा नोंदवावा असा अहवाल दिला. गुन्हा नोंदला गेला तो डिसेंबर १९९९ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सीबीआयकडून. या नऊ वर्षांत त्या मुलीला शाळेतून काढलं गेलं, तिच्या भावावर मोटारचोरीचे एकामागून एक गुन्हे लावले गेले आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये तिनं विष घेतलं. डिसेंबर २००९ मध्ये राठोड दोषी ठरले. शिक्षा झाली सहा महिने आणि दंड एक हजार रुपये. अपिलात ती १८ महिने झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून शिक्षा भोगलेल्या दिवसांपुरती आणली.

हे उदाहरण ऐकवून लोक म्हणतात, ‘बघा, कायद्यानं काय मिळालं?’ मी याच उदाहरणावरून उलटं म्हणतो. तिच्या बाजूनं पहिल्या महिन्यात गुन्हा नोंदला गेला असता, तर पुढच्या छळाला इतकं मोकळं रान मिळालं नसतं. कायदा अपुरा होता हे खरं. पण मुलीचा घात झाला तो कायदा सुरूच होऊ न दिल्यामुळे. आणि सव्वीस वर्षांनी का होईना, एका बलाढ्य पोलीस अधिकाऱ्यावर दोष कायम राहिला तो दोन गोष्टींमुळे: मैत्रिणीनं साक्ष बदलली नाही, आणि त्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी मिटवायला नकार दिला.

आता दिल्लीतल्या कुस्तीगिरांच्या आंदोलनाकडे येऊ, कारण आपल्याकडच्या तालमीत या विषयाची चर्चा तिथूनच सुरू होते. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप होते. क्रीडा मंत्रालयानं मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. आपल्या महाराष्ट्राच्या तृप्ती मुरगुंडे त्या समितीवर होत्या. तीन महिने गेले. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला नाही, पण मंत्रालयानं एक निष्कर्ष जाहीर केला: महासंघात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीच नव्हती. एप्रिलमध्ये सात जणींनी पोलिसांत तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला नाही, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ एप्रिल २०२३ रोजी दिल्ली पोलिसांनी दोन गुन्हे नोंदवले. ऑलिंपिकपटू सोबत असतानाही त्या सात जणींना पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. खेळातली माणसं बसवून खेळातलं मिटवण्याचा तो तीन महिन्यांचा प्रयत्न तक्रारदारांच्या पदरात काय टाकून गेला, हे त्या सल्लागारांनी सांगावं.

यावर हमखास येणारं उत्तर असं: ‘पण पोक्सोची केस बंद झाली ना? म्हणजे सगळं खोटंच होतं.’ हे अर्धसत्य आहे आणि ते फार जोरात पसरवलं गेलं. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याखालच्या अल्पवयीन मुलीच्या तक्रारीत जबाब बदलला गेला, पोलिसांनी गुन्हा रद्द करण्याचा अहवाल दिला आणि २६ मे २०२५ रोजी न्यायालयानं तो स्वीकारला. ते एक प्रकरण. सज्ञान कुस्तीगिरांच्या तक्रारींवरचं दुसरं प्रकरण वेगळं आहे. त्यात १५ जून २०२३ रोजी आरोपपत्र दाखल झालं आणि मे २०२४ मध्ये दिल्लीच्या राउज अव्हेन्यू न्यायालयानं विनयभंग, लैंगिक छळ आणि धमकीचे आरोप निश्चित केले. एका तक्रारदाराच्या बाबतीत मात्र ब्रिजभूषण यांना आरोपमुक्त केलं. ब्रिजभूषण यांनी आरोप नाकारले आहेत, आणि दोषी-निर्दोष ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. पण एका प्रकरणाचा शेवट दुसऱ्यावर चिकटवून सगळ्या मुलींना खोटं ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

दुसरा युक्तिवाद तालमीतला म्हणून जास्त विश्वासार्ह वाटतो. ‘कुस्ती शिकवायची तर अंगाला हात लागणारच. आता प्रत्येक पकडीचा गुन्हा होणार का?’ नाही होणार. ज्यानं धाक किंवा निकाल डाव शिकवला आहे आणि ज्याला तो शिकवला गेला आहे, त्या दोघांनाही डावाचा हात आणि दुसरा हात यातला फरक कळतो. डाव मॅटवर, सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या शिकवला जातो. त्यासाठी खोलीचं दार बंद करावं लागत नाही आणि रात्री अकराला मुलीला एकटीला बोलवावं लागत नाही. कायद्यानंही हा फरक नीट मांडला आहे, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका खटल्यामुळे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं असा निकाल दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेला त्वचा लागली नसेल तर, पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही. देशभर संताप उसळला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि सांगितलं की बघायचा तो लैंगिक हेतू. त्वचेचा संपर्क झाला की नाही हा प्रश्नच नाही. प्रामाणिक वस्तादाला या निकालाची भीती बाळगण्याचं काही कारण नाही. त्याचा हेतू त्याच्या शिष्यांना रोज दिसतो.

गप्प राहण्याबद्दल आणि उशिराच्या तक्रारीबद्दल आपल्या राज्याला तर फार जुना धडा आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला देशाला मथुरा खटला म्हणून माहीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा तर्क होता. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सत्ता एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूचं मौन म्हणजे संमती नव्हे, हे कायद्यानं मान्य केलं. आजच्या भारतीय न्याय संहितेत अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन केलेल्या शरीरसंबंधासाठी ६८ वं कलम आहे. पोक्सोत मुलावर अधिकार किंवा विश्वासाचं नातं असलेल्या माणसानं केलेला लैंगिक हल्ला जास्त गंभीर धरला जातो आणि त्याला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. प्रशिक्षकाचं नातं याहून वेगळं कुठलं आहे? आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये एम. जे. अकबर विरुद्ध प्रिया रमाणी या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयानं रमाणी यांना निर्दोष ठरवताना स्पष्ट म्हटलं की स्त्रीला आपलं गाऱ्हाणं कित्येक दशकांनंतरही मांडण्याचा हक्क आहे.

तरीही उशीर करू नका, असं मी आग्रहानं सांगेन. उशीर म्हणजे खोटेपणा नव्हे, पण काही दारांना मुदतीचं कुलूप आहे. आणि या मुदती मिटवायला बसलेली मंडळी कधीच सांगत नाहीत.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो फक्त बँकेतल्या आणि कंपनीतल्या बायकांसाठी आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. या कायद्यानं ‘कामाचं ठिकाण’ सांगताना क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा, निवासी असो वा नसो, हे सगळं नाव घेऊन लिहिलं आहे. तक्रार करणारी तिथं नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, वयाचीही नाही. आता आपल्याकडच्या बहुतेक अकादम्या आणि तालमी म्हणजे एक वस्ताद, एक-दोन मदतनीस. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. अशी समिती प्रत्येक जिल्ह्यात असलीच पाहिजे आणि तालुक्याला तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पोचवणारा समन्वय अधिकारी नेमलेला असला पाहिजे. म्हणजे परतूरच्या किंवा भोकरदनच्या मुलीला दिल्लीच्या महासंघाकडे हात जोडायची गरज नाही. तिचं दार जिल्ह्यातच आहे.

या समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत: साक्षीदारांना बोलावणं, कागदपत्रं मागवणं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. चौकशी चालू असताना समिती अंतरिम शिफारस करू शकते, आणि नियमांत एक तरतूद अशी आहे जी खेळाडूच्या फार कामाची आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं तक्रारदाराच्या कामाचा अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्याकडे द्यावं. निवड चाचणीला हेच लावून मागा. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, औषधोपचाराचा खर्च आणि करिअरची हुकलेली संधी हे तिन्ही बघायचं, असं कायद्यातच लिहिलं आहे. आणि समेट? तो हवा असेल तर तक्रारदारानंच मागायचा, आणि पैशाच्या देवघेवीवर तो करता येत नाही. दोन लाख घ्या आणि विसरा, हे गावच्या बैठकीत चालत असेल, या कायद्यात चालत नाही.

मुदत मात्र तीन महिन्यांची आहे, शेवटच्या घटनेपासून मोजायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मिटवण्याच्या बैठका नेमक्या किती चालतात ते आठवा. स्पर्धा होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, परीक्षा होऊ द्या. तोवर सहा महिने संपतात.

फौजदारी बाजू वेगळी. विनयभंगाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून तिला तक्रारीच्या मुदतीचं बंधन नाही. शेरेबाजी, नको ते मेसेज, लगट अशा लैंगिक छळाच्या कलमाखाली शिक्षा कमी आहे, म्हणून तिथं एक ते तीन वर्षांची मुदत लागते. घटना पुण्याच्या शिबिरात किंवा परराज्यातल्या स्पर्धेत घडली असली, तरी जालन्यात किंवा अंबडला झिरो एफआयआर नोंदवता येतो. ‘आमच्या हद्दीत घडलं नाही’ हे उत्तर आता पोलिसांना देता येत नाही. ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेत. विनयभंग किंवा बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसालाच भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमाखाली किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी सांगितली आहे. वकिलाची फी ही अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं.

आणि खेळाडू १८ च्या आत असेल, मग मुलगी असो की मुलगा, तर पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे ज्याला ज्याला कळलं त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. वस्ताद, वसतिगृहाचा अधीक्षक, मुख्याध्यापक, संघटनेचा सचिव, कुणीही सुटत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण आपण पाहिलं. तिथं संस्थाचालकांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यात, तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा असतो. तिला ठाण्याच्या बाकड्यावर बसवण्याची भीती दाखवून गप्प करणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

‘बापच मिटवायला तयार असेल तर?’ याचंही उत्तर सर्वोच्च न्यायालयानं दिलं आहे. राजस्थानात एका शिक्षकानं पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा विनयभंग केल्याचा गुन्हा होता. मुलीच्या वडिलांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयानं तो रद्द केला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला आणि गुन्हा पुन्हा जिवंत केला: हा दोन कुटुंबांमधला खासगी वाद नाही, समाजाविरुद्धचा गुन्हा आहे. वर्गातल्या शिक्षकाला जे लागू तेच मैदानावरच्या शिक्षकाला.

मुलग्यांबद्दल आपण बोलतच नाही, म्हणून इथं थांबून बोलतो. तालमीत राहणाऱ्या कोवळ्या पोरांवर होणारा अत्याचार पोक्सोखाली तितकाच गुन्हा आहे. आणि ‘मार खाल्ल्याशिवाय पैलवान होत नाही’ म्हणून सोट्यानं फोडून काढणं, उपाशी ठेवणं, दुखापतीत लढायला लावणं? बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यात एक मोठं भोकही आहे: सज्ञान पुरुष खेळाडूवर लैंगिक अत्याचार झाला तर नव्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम उरलेलं नाही. हे भोक संसदेनं बुजवलं पाहिजे.

आता सगळ्यात खरा आणि सगळ्यात जड आक्षेप. ‘तक्रार केली की करिअर संपतं.’ किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. साक्षी मलिकनं डिसेंबर २०२३ मध्ये पत्रकारांसमोर बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. तो दिवस आपल्या खेळाच्या इतिहासातला लाजिरवाणा दिवस आहे. पण त्याच आंदोलनातली विनेश फोगट २८ मे २०२३ ला दिल्लीच्या रस्त्यावरून पोलिसांनी फरपटत नेली होती आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. वजनाच्या १०० ग्रॅमनी तिचं पदक हुकलं. तक्रारीनं हुकलं नाही. सूडानं संघातून वगळलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते; क्रीडा संघटना खासगी असली तरी ती सार्वजनिक काम करते, म्हणून घटनेच्या २२६ व्या कलमाखाली तिला जाब विचारता येतो. जालन्यासाठी त्याचं ठिकाण औरंगाबाद खंडपीठ, दीड तासाच्या अंतरावर. करिअर संपवतो तो तक्रारीचा कागद नव्हे, तक्रारीनंतर खेळाडूला एकटं पाडणारे लोक संपवतात. मिटवून घ्या म्हणणारे बहुतेक वेळा त्यांच्यातलेच असतात.

आणि गप्प राहिल्यानं काय होतं, याचा हिशोब अमेरिकेत मांडला गेला आहे. तिथल्या जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत होता. २०१५ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघटनेला आणि जुलैमध्ये एफबीआयलाही हे कळलं होतं. बाहेर मात्र सगळं शांत ठेवलं गेलं. त्यानंतरच्या वर्षभरात आणखी सुमारे ७० मुलींवर अत्याचार झाल्याचे आरोप पुढं अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आले. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात दीडशेहून जास्त जणी एकामागून एक उभ्या राहून बोलल्या. नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या विद्यापीठाला ५० कोटी डॉलर, जिम्नॅस्टिक संघटना आणि ऑलिंपिक समितीला मिळून ३८ कोटी डॉलर, आणि २०२४ मध्ये तपासात हयगय केल्याबद्दल तिथल्या न्याय खात्याला जवळपास १४ कोटी डॉलर भरपाईची तडजोड करावी लागली. संस्थेनं गप्प बसण्याची किंमत संस्थेकडून वसूल करण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. ती रुळवायची तर कुणीतरी पहिला दावा लावला पाहिजे.

खोट्या तक्रारींची भीती दाखवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पॉश कायद्यात जाणूनबुजून खोट्या तक्रारीसाठी कारवाईचं कलम आहे. पण त्याच कलमात हेही लिहिलं आहे की नुसता पुरावा देता आला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. निर्दोष प्रशिक्षकालाही गावच्या बैठकीपेक्षा समितीतच न्याय मिळण्याची शक्यता जास्त आहे. बैठकीत मिटलेला संशय त्याच्या मागं जन्मभर राहतो.

मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं वृत्तपत्रातल्या बातमीचा आधार घेऊन नोंदवलं, की देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी अंतर्गत समिती नेमलेलीच नाही. राष्ट्रीय पातळीवर ही स्थिती, तर जिल्हा संघटनांचं काय असेल? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात सुरक्षित खेळाचं धोरण, तक्रार निवारण यंत्रणा आणि क्रीडा न्यायाधिकरण आहे. चांगली गोष्ट आहे. पण आता काही जण म्हणू लागतील, ‘न्यायाधिकरण आलं, आता पोलिसांकडे जायची गरज काय?’ न्यायाधिकरण संघटनांचे वाद सोडवील. गुन्हा हा पोलिसांचा आणि फौजदारी न्यायालयाचाच विषय राहील.

जालन्याच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. स्थानिक समितीच्या सदस्यांची नावं आणि तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचा फोन क्रमांक प्रत्येक क्रीडासंकुलात, प्रत्येक अनुदानित अकादमीत आणि प्रत्येक शालेय स्पर्धेच्या मैदानावर मोठ्या अक्षरांत लावा. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना सोबत महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असल्याशिवाय प्रवेशिका स्वीकारू नका. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं २०२२ मध्ये राष्ट्रीय संघांसाठी हा नियम केलाच आहे. ज्या संघटनेकडे तक्रार यंत्रणा नाही तिच्या प्रमाणपत्रांची पडताळणी थांबवून खेळाडूंना शिक्षा देऊ नका. त्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना जबाबदार धरा.

आणि आईबापांनो, मिटवण्याच्या बैठकीचं बोलावणं आलं तर जाऊ नका. मेसेज, कॉल, फोटो काहीही डिलीट करू नका. मुलीनं जे सांगितलं ते तारीख-वेळ घालून तिच्या शब्दांत लिहून ठेवा, तिच्याकडून वदवून घेऊ नका. ती १८ च्या आत असेल तर १०९८ वर आजच फोन करा, मोठी असेल तर १८१ वर, मोफत वकिलासाठी १५१०० वर. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.